ट्रेलरच्या गॅसलाइनवर अमेरिकन ग्रिल जोडली, पण जाळ समईएवढाच. काय चुकतंय?

रंकाळ्याचा_वारा

मंडळी, नमस्कार.

गेल्या वर्षी एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर करून घेतला. सांगाडा शिरोली एमआयडीसीत एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून, आतलं सुतारकाम घरच्या घरी. पुढे हुकाजवळ पत्र्याची पेटी आहे, त्यात ५ किलोची टाकी. टाकीवर आपल्या स्वयंपाकघरात असतो तसलाच रेग्युलेटर. तिथून तांब्याची नळी आत दोन बर्नरच्या शेगडीला जाते आणि एक फाटा कॉक लावून बाहेरच्या अंगाला काढलाय. हेतू एवढाच, की बाहेर काही भाजायचं झालं तर टाकी हलवायला नको.

दिवाळीत मेव्हणा टेक्सासहून आला. येताना बॅगेत घालून एक पोर्टेबल गॅस ग्रिल घेऊन आला. तिकडे ती एक पौंडाच्या हिरव्या बाटलीवर चालते. ती भरलेली बाटली काही विमानात आणता येत नाही. मग मी उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून पितळेचा तुकडा करून घेतला. एका बाजूला बाटलीचे आटे, दुसऱ्या बाजूला आपली रबरी नळी चढेल असं नोझल. चोख बसला, साबणाचं पाणी लावून बघितलं, कुठेही गळती नाही.

गेल्या शनिवारी मसाई पठारावर गेलो. सोबत दोन घरची मिळून अकरा माणसं, तीन किलो चिकन रात्रभर मुरवलेलं. ग्रिल पेटवली. पेटली, पण जाळ समईच्या वातीएवढा! खटका पूर्ण फिरवला तरी तेवढाच. दीड तासाने तुकडे वरून पांढरे, आतून कच्चे. शेवटी पावाला कांदा-लसूण चटणी लावून पोरांना दिली आणि चिकन घरी आणून कुकरला लावलं. सौ. काही बोलली नाही, हे जास्त वाईट.

आतली शेगडी मात्र त्याच टाकीवर जोरात चालते. मग ग्रिलला काय झालंय? एक मित्र म्हणतो वडापावच्या गाड्यावरचा हाय प्रेशर रेग्युलेटर लाव. दुसरा म्हणतो ग्रिलचा रेग्युलेटर काढून फेक. कुणी केलंय का असलं काही?

मिसळीचा_कट

समईवर चिकन शिजवायला बसलेला पहिला कोल्हापूरकर. दंडवत घ्या.

तवा_पलटी

मसाईवर वारा किती असतो! तिथं माणूस तिरका उभा राहतो, जाळाचं काय घेऊन बसलाय. पत्र्याचा आडोसा करा, सुटेल प्रश्न.

रंकाळ्याचा_वारा

वारा नाही हो. घरी कळंब्याला अंगणात, पान हलत नव्हतं तेव्हाही लावून बघितली. तोच जाळ.

लेथवरचा_बापू

आटे कुणी पाडलं त्ये मला म्हाईत हाय बहुतेक 😀 १ इंचाला २० आटे, बारीक. ह्या म्हैन्यात असला तुकडा मागायला दोघं आलते म्हणून सांगत हुता त्यो.

भावा, आधी एक काम कर. ग्रिलच्या बुडाला न्हाईतर मागं एक पत्र्याची पट्टी चिकटवल्याली असती. त्यावर काय लिवलंय त्ये हितं टाक. पट्टी न वाचता सल्ला देणारा आणि एक्स-रे न बघता प्लास्टर घालणारा, दोघं एकाच माळेचं मणी.

चूल_आणि_बोळकं

कशाला ती भानगड. तीन दगड, बाभळीची लाकडं, वर जाळी. जाळ अन् धूर संगटच! टेक्सासच्या ग्रिलवर कोल्हापुरी मटण म्हणजे पांढऱ्या रश्श्यात केचप.

ओहायोतला_बावडेकर

मूळचा कसबा बावड्याचा, इकडे बावीस वर्षं झाली. ट्रेलर आहे, ग्रिल आहे, आणि तुम्ही केलीत तीच चूक मीही केलेली आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या गॅसच्या वाटेत दोन रेग्युलेटर एकापुढे एक आलेत. पहिला टाकीवर. तो टाकीतला दाब खाली आणून शेगडीला लागतो तेवढा करतो. दुसरा ग्रिलवर, जिथे तुम्ही पितळेचा तुकडा फिरवून बसवला तिथे. ग्रिलवाल्याने तो धरला आहे थेट बाटलीच्या दाबासाठी. त्या हिरव्या बाटलीत शुद्ध प्रोपेन असतो आणि ७० अंश फॅरनहाइटला म्हणजे आपल्या २१ अंशांना आत दर चौरस इंचाला शंभर पौंडांच्या वर दाब असतो. ट्रेलरच्या लाइनमध्ये असतो अर्ध्या पौंडापेक्षाही कमी. म्हणजे अडीचशेपट वगैरे फरक.

आता शंभर पौंडांचा धक्का धरून बनवलेल्या रेग्युलेटरचं आतलं भोक बारीक असतं, कारण तेवढ्या दाबाने सुईएवढ्या भोकातूनही भरपूर गॅस येतो. त्याच भोकाला मागून अर्धा पौंड दाब दिला तर गॅस ठिबकतो. गल्लीतल्या नळाला आधीच पाणी कमी, त्यात तुम्ही तोटीला बोळा कोंबल्यासारखं. शेगडीच्या वाटेत दुसरा रेग्युलेटर नाही म्हणून ती जोरात.

इकडे हा घोळ इतका नेहमीचा आहे की ट्रेलरच्या बाहेरच्या पॉइंटजवळ 'कमी दाब' अशी चिठ्ठीच चिकटवलेली असते. लोक वाचत नाहीत. मीही वाचली नव्हती. ईरी सरोवराच्या काठी चार तास भुट्टे भाजत बसलो होतो.

वाटा दोन. एक: बाहेरच्या कमी दाबाच्या पॉइंटवर अशीच ग्रिल लावायची जिच्यावर स्वतःचा रेग्युलेटर नाही. दोन: ग्रिल आहे तशी ठेवायची आणि तिला गॅस टाकीच्या रेग्युलेटरच्या आधीच, टी (तीन तोंडांचा जोड) टाकून, पूर्ण दाबाचा द्यायचा. इकडे दोन्ही चालतं, दोन्हीचे सुटे भाग दुकानात मिळतात. तिकडे दुसरी वाट मी सुचवणार नाही. का, ते कुणी जाणकार सांगेलच.

रंकाळ्याचा_वारा

बावडेकर, डोक्यात लख्ख उजेड पडला. धन्यवाद!

बापू, पट्टी सापडली, तेलकट झाली होती. त्यावर आहे: प्रोपेन, १२,००० बीटीयू, ११ इंच डब्ल्यू.सी.

हे डब्ल्यू.सी. काय आहे? आमच्याकडे डब्ल्यू.सी. म्हणजे दुसरंच काहीतरी असतं.

मिसळीचा_कट

११ इंचाचं डब्ल्यू.सी.? लहान पोरांचं असेल.

शाळामास्तर_निवृत्त

वर्गात शांतता.

डब्ल्यू.सी. म्हणजे वॉटर कॉलम, पाण्याचा स्तंभ. गॅसचा दाब किती, तर तो ११ इंच उंच पाणी तोलून धरेल एवढा. ११ इंच म्हणजे साधारण २८ सेंटिमीटर. आता आपल्या घरगुती रेग्युलेटरवर बघा, ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असं काहीसं लिहिलेलं असतं. एक घन सेंटिमीटर पाणी एक ग्रॅम. म्हणजे ३० ग्रॅमचा दाब म्हणजे ३० सेंटिमीटर पाणी. अमेरिकेतलं ११ इंच आणि कोल्हापुरातलं ३० ग्रॅम, दोन्ही जवळजवळ एकच! ग्रिलचा बर्नर आणि तुमच्या ट्रेलरची लाइन एकाच भाषेत बोलतायत, मध्ये दुभाषा उगाच बसलाय.

एक घरगुती प्रयोग सुचवतो. गवंडी लेव्हल काढायला वापरतो ती पारदर्शक नळी दोन मीटर घ्या. फळीवर यू आकारात बसवा, अर्धी पाण्याने भरा. एक टोक बाहेरच्या कॉकला, दुसरं वर उघडं. कॉक हळू उघडा आणि दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतला फरक पट्टीने मोजा. आधी सगळं बंद असताना, मग आतले दोन्ही बर्नर पेटवून. चालू असताना २८-३० च्या आसपास राहिला तर तुमची लाइन निर्दोष, दोष ग्रिलच्या रेग्युलेटरचा. आकडा खूप पडला तर नळी बारीक आहे किंवा कुठेतरी दबली आहे.

आमच्या शाळेत हा प्रयोग नववीला पाण्यावर संपायचा. गॅसवर करायची परवानगी मुख्याध्यापकांनी कधी दिली नाही.

खटक्यावर_बोट

लई शाळा झाली. सोप्पं सांगतो. भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर मिळतोय बाजारात, पुढं चावी असती फिरवायला. टाकीवरचा घरगुती काढायचा, हा लावायचा, चावी फिरवत जायचं जाळ मनासारखा होईपर्यंत. आमच्या मित्राच्या चायनीजच्या गाड्यावर चार वर्षं चालू हाय. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!

गॅसवाले_काका

वरचा सल्ला कुणीही घेऊ नका. मी एका गॅस एजन्सीत मेकॅनिक म्हणून एकोणतीस वर्षं काढली, आता घरी नातू सांभाळतो.

खटक्यावर, राग मानू नकोस पोरा, पण तू सांगतोयस त्यात दोन गोष्टी विसरलास. त्या टाकीवर एकटी ग्रिल नाही, ट्रेलरच्या आतली शेगडीही त्याच लाइनवर आहे. चावी फिरवून दाब वाढवला की तो तिलाही जातो. घरगुती शेगडीचे कॉक आणि नळ्या ३० ग्रॅमसाठी केलेल्या असतात. जाळ वीतभर वर येतो, कॉकच्या ग्रीसमधून गळती सुरू होते. चायनीजच्या गाड्यावर बर्नरच भट्टीचा, तो त्यासाठीच बनवलेला, आणि गाडा उघड्यावर. ट्रेलर म्हणजे चारी बाजूंनी बंद डबा.

एलपीजी हवेपेक्षा जड. प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट. गळाला की वर जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. घरात तो दाराच्या फटीतून तरी बाहेर जातो. तुमच्या ट्रेलरची जमीन मी पैजेवर सांगतो की चारी कडांनी सिलिकॉन मारून बंद केलीय, पावसाचं पाणी येऊ नये म्हणून. मग गॅस जाणार कुठे?

२००० सालच्या आसपास एका घरी तक्रारीला गेलो होतो. वास येतोय म्हणत होत्या बाई, पण ओट्याजवळ उभं राहिलं तर वास नाही. मी खाली बसलो आणि डोकं ओट्याखालच्या कपाटात घातलं, तिथे नाक धरवेना. टाकी वर, गॅस खाली. सगळ्या खिडक्या उघडल्या, दिव्याच्या एकाही बटणाला कुणाला हात लावू दिला नाही, अर्धा तास सगळ्यांना अंगणात उभं केलं. बाई म्हणाल्या, चहा टाकू का. मी म्हटलं, बाई, आज नको.

म्हणून रंकाळ्याचा वारा, पहिलं काम ग्रिल नव्हे. टाकीची पेटी आतल्या खोलीपासून बंद आहे का ते बघा, आणि पेटीच्या तळाला भोकं आहेत का ते बघा. वर जाळी असून उपयोग नाही, तळाला पाहिजे. ट्रेलरच्या आत गॅसचा अलार्म लावणार असाल तर तोही जमिनीलगत. छताला लावलेला मी बघितलाय, बसवणाऱ्याला वाटलं धुराचाच आहे.

आणि टी टाकून पूर्ण दाबाचा गॅस बाहेर काढायचं बावडेकरांनी टाळलं ते बरोबर केलं. टाकीच्या दाबाचा गॅस केशरी रबरी नळीतून न्यायचा नसतो. ती नळी रेग्युलेटरच्या पुढच्या कमी दाबासाठी आहे. लोक जुबिली क्लिप आवळून काहीही करतात.

खटक्यावर_बोट

काका, आतली शेगडी माझ्या ध्यानातच आली न्हाई. माघार घेतो. पण गाड्यावर चालतंय ते चालतंय.

गॅसवाले_काका

गाड्यावर चालतंय, मान्य. त्याला सांग नळीवरची तारीख बघ म्हणून. पाच वर्षं झाली की बदलायची, बाहेरून कितीही नवी दिसू दे.

मसाई_वाली

धागा वाचून पहिल्यांदा लिहितो. मसाईवर मी ग्रुपसोबत डिसेंबरात गेलतो, तवा सगळं गवत वाळून सोन्यासारखं झाल्यालं. अशात चूल पेटवा म्हणणाऱ्यांनी जरा जपून. एक ठिणगी आणि पठार जातंय. गॅसवर केलेलं बरं, पण खालचं गवत साफ करून, बाजूला पाण्याची बादली ठेवूनच.

पुणेकर_पाहुणा

दादा, मसाईवर ट्रेलर वरपर्यंत जातो का?

मसाई_वाली

दादा न्हाई, ताई. आयडी वाचा की. कोल्हापूरच्या पोरी 'आलो, गेलो'च म्हणत्यात. ट्रेलरचं मालकालाच विचारा, मी चालत गेलतो.

मिसळीचा_कट

पुण्याच्या पाहुण्यांना गावात शिरायच्या आधीच पट्टी पडली.

रंकाळ्याचा_वारा

ट्रेलर पठारावर नेला नाही. खाली रस्त्याकडेला लावला होता, ग्रिल आणि नळी तिथेच. मसाई ताईंचं गवताचं म्हणणं मात्र डोक्यात ठेवतो. आम्ही बादली नेली नव्हती, हे कबूल.

काका, पेटीला तळाला भोकं नव्हती. आज चार पाडली, वर जाळी मारली. पेटी आणि खोलीच्या मध्ये वायर जायला ठेवलेलं बोटभर भोक होतं तेही बुजवलं. वर्षभर देवाच्या भरवशावर फिरत होतो म्हणायचं.

मास्तर, प्रयोग केला. शेजारचे तीन काका बघायला आले होते. कॉक उघडल्यावर पाणी चढलं, फरक ३३ सेंटिमीटर. आतले दोन्ही बर्नर पेटवल्यावर २८. आता?

शाळामास्तर_निवृत्त

उत्तीर्ण. लाइन ठीक आहे. बंद असताना आकडा थोडा वर जातो, ते रेग्युलेटरचं नेहमीचंच लक्षण. चालू असताना २८ मिळतोय आणि ग्रिलच्या बर्नरला २८ च पाहिजे. मधला दुभाषा काढा.

रंकाळ्याचा_वारा

तिथेच गाडी अडली. खोलून बघितलं. रेग्युलेटर आणि खटका दोन वेगळे नाहीतच, एकच ओतीव तुकडा आहे. रेग्युलेटर काढला की खटकाही हातात येतो. जाळ कमी-जास्त कशाने करणार? बाहेरच्या कॉकने?

लेथवरचा_बापू

दाखव मला, दुसरा तुकडा पितळंत करून देतो की. मध्ये बॉल कॉक टाकू.

ओहायोतला_बावडेकर

बापू, थांबा. तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण त्या तुकड्याच्या नाकावर जेट आहे, ज्यातून गॅस बर्नरच्या नळीत सुटतो. १२,००० बीटीयूला (बर्नर तासाला देतो ती उष्णता) ते भोक एक मिलिमीटरच्या आसपास असतं. इथे अंदाज चालत नाही. १ मिमीचं १.२ झालं तरी गॅस ४४ टक्के जास्त सुटतो, कारण क्षेत्रफळ वर्गात वाढतं.

शिवाय बॉल कॉक उघड-बंद करायला चांगला, मंद आच ठेवायला नव्हे. जरासा फिरवला की सगळं किंवा काहीच नाही.

इकडे बऱ्याच पोर्टेबल ग्रिलना रेग्युलेटर नसलेला, फक्त खटका आणि जेट असलेला व्हॉल्व्ह वेगळा मिळतो, खास ट्रेलरवाल्यांसाठी. मॉडेलचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शोधतो. घेताना एकच बघायचं: तो ११ इंचासाठी आहे ना आणि तुमच्याच बर्नरचा आहे ना. मेव्हणा पुढच्या वेळी खिशात घालून आणेल.

लेथवरचा_बापू

ह्ये पटलं. जेटचं ड्रिल माझ्याकडं हाय, पर कुठलं मारायचं त्ये लिवल्यालं पायजे. न्हाईतर उगं धंदा.

वांग्याचं_भरीत

एक भाबडी शंका. ग्रिलवर प्रोपेन लिहिलंय. आपल्या टाकीत एलपीजी असतो. दोन्ही एकच का? मला फक्त वांगी भाजायची आहेत, कुणाला उडवायचं नाही.

ओहायोतला_बावडेकर

चांगला प्रश्न, कुणी कसा विचारला नाही. आपल्याकडचा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. इकडे ट्रेलरला जवळपास निव्वळ प्रोपेन, कारण इथली थंडी. ब्युटेन शून्याच्या आसपासच वाफ व्हायचं थांबवतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत तग धरतो. ओहायोच्या जानेवारीत आपली टाकी आणली तर आधी प्रोपेन जळून जाईल, आणि मग आत ब्युटेन उरला असूनही शेगडीचा जाळ मंदावेल.

कोल्हापुरात तो प्रश्नच नाही. फरक पडतो तो उष्णतेत: तेवढ्याच घनफळाच्या ब्युटेनमध्ये प्रोपेनपेक्षा उष्णता जास्त, आणि त्याला हवाही जास्त लागते. युरोपात एकाच जेटच्या शेगड्या ब्युटेनवर २८-३० मिलीबार दाबाला आणि प्रोपेनवर ३७ ला चालवतात, त्यावरून अंदाज घ्या. म्हणजे इकडचा जेट तिकडच्या गॅसवर जरा खादाड होईल आणि ज्योतीची टोकं पिवळी दिसतील. बर्नरच्या तोंडाशी हवेची खिडकी असेल तर थोडी उघडायची, निळी होते. पिवळी राहिली तर वांगं काजळीने काळं होईल, पण भरताला ते चालतंच म्हणा.

वांग्याचं_भरीत

चालतं काय, तेच तर पाहिजे असतं!

चूल_आणि_बोळकं

म्हणजे फिरून फिरून धुरावरच आलात सगळे.

गॅसवाले_काका

पिवळ्या ज्योतीचा विनोद भरतापुरता ठीक. पण पावसात ग्रिल ट्रेलरच्या आत किंवा बंद तंबूत घेऊन पेटवायची नाही. अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही. एलपीजीला आपण मुद्दाम वास घालतो म्हणून गळती कळते, हा कळत नाही. झोप येते आणि माणूस उठत नाही.

राधानगरीचा_राजू

धाग्यात सगळे जंगलात जाणार असं दिसतंय म्हणून लिहितो. दाजीपूर अभयारण्यात जाळ करायचा नसतो, मग तो चुलीचा असो की अमेरिकेच्या ग्रिलचा. आत जाताना फाटकावर पिशव्या बघतात. हे राधानगरी अभयारण्य गव्यासाठी आहे, आणि रात्री रस्त्यात उभा असलेला गवा ट्रेलरवाल्याला रिव्हर्स घ्यायला वेळ देत नाही. धरणाच्या अलीकडे गावात घरगुती मुक्काम मिळतो, तिथे मालकाला विचारून अंगणात लावा.

तवा_पलटी

ट्रेलर लावून रिव्हर्स! ते एक वेगळा धागा होईल. आमच्या साडूने पन्हाळ्याच्या चार दरवाजाजवळ केलं होतं, मागे नऊ गाड्या आणि एक उसाचा ट्रॅक्टर.

मिसळीचा_कट

वेगळा धागा काढाच. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

इचलकरंजीचा_माग

मूळ प्रश्नाकडे येतो. एवढं सगळं करण्यापेक्षा घरातली १४.२ किलोची टाकी गाडीत टाकून न्यायची आणि घरचीच शेगडी लावायची, काय बिघडलं?

गॅसवाले_काका

बिघडतं. घरगुती जोडणीची टाकी घरात स्वयंपाकासाठी आहे, ती गाडीत घालून फिरायला नाही, नियमातच बसत नाही. ५ किलोची पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारी छोटी टाकी ह्यासाठी ठीक, काही पेट्रोल पंपांवरही मिळते. प्रवासात टाकीचा रेग्युलेटर काढून झाकण लावायचं आणि टाकी उभीच ठेवायची, आडवी नाही. आडवी केली की वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये येतो.

एक नंबर सगळ्यांनी फोनमध्ये ठेवा: १९०६. गॅस गळतीसाठी चोवीस तास.

रंकाळ्याचा_वारा (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, कारण काम झालं.

बावडेकरांनी व्हॉल्व्ह शोधून दिला. मेव्हण्याच्या ऑफिसातला एकजण पुण्याला येत होता, त्याच्या खिशातून आला. जुना ओतीव तुकडा काढला, नवा बसवला. चार स्क्रू, दहा मिनिटं. अडचण आली ती पुढे: नव्या व्हॉल्व्हच्या मागे तिकडचा आटा, आपली नळी चढेना. बापूंनी फोटो बघितला आणि दुसऱ्या दिवशी पितळेचं नोझल हातात ठेवलं. पैसे घेतले नाहीत, म्हणाले चिकनला बोलवा. दीड मीटर नवी केशरी नळी, मध्ये कुठेही जोड नाही, दोन्ही टोकांना क्लिप, साबणाचं पाणी दोनदा.

आधी अंगणात. काकांच्या सांगण्यावरून आधी बाहेरचा कॉक उघडला, मग काडी पेटवली आणि शेवटी ग्रिलचा खटका फिरवला. धप्प करून निळा जाळ पूर्ण बर्नरभर आला. टोकं थोडी पिवळी होती, बावडेकर म्हणाले तशीच. हवेची खिडकी स्क्रूड्रायव्हरने जराशी सरकवली, गेली. मग आतली शेगडी दोन्ही बर्नरवर आणि ग्रिल पूर्ण, तिन्ही एकदम लावून मास्तरांच्या नळीने पुन्हा मोजलं: २६. मास्तर, पास का?

रविवारी गगनबावड्याला गेलो. ट्रेलरपासून ग्रिल नळी पुरेल तेवढी लांब, ट्रेलरची छपरी उघडलीच नाही. बादली होती. चिकन पंचवीस मिनिटांत. सौ.ने स्वतःहून दुसऱ्यांदा घेतलं.

शाळामास्तर_निवृत्त

२६ चालेल. तिन्ही एकदम पूर्ण लावायची वेळ तुमच्यावर क्वचितच येईल. नळी फळीवरून काढू नका, दरवर्षी एकदा मोजा.

लेथवरचा_बापू

चिकनला बोलावलं न्हाई. नोंद घेतली हाय.

रंकाळ्याचा_वारा

बापू, पुढचा रविवार. शपथ.

कागलचा_कबीर

सगळा धागा एका दमात वाचला, वाचनखूण साठवली. माझं उलटं आहे. माझ्याकडे लग्नाच्या स्वयंपाकाची हाय प्रेशर भट्टी आहे, ती ह्याच बाहेरच्या पॉइंटवर चालेल का? ट्रेलर माझाही शिरोलीचाच.

गॅसवाले_काका

नाही. ती भट्टी जास्त दाबासाठी केलेली. ह्या पॉइंटवर मिणमिणत राहील, आणि मग तुला खटक्यावरचा सल्ला आठवेल. भट्टीला वेगळी टाकी आणि तिचाच रेग्युलेटर, ट्रेलरपासून लांब.

खटक्यावर_बोट

काका, मी आता कुणालाच सल्ला देत न्हाई 🙏 मित्राच्या गाड्यावरची नळी बदलली. तारीख ११ वर्षांपूर्वीची निघाली.

कागलचा_कबीर

बरं. आणि त्या पहिल्या पितळेच्या तुकड्याचं काय केलं? मेव्हणा माझाही येतोय.

रंकाळ्याचा_वारा

टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून. देणार नाही. व्यनि करतो, आधी तुमच्या ग्रिलची पट्टी वाचा.